सप्ताहाच्या मांडवातली निळी वायर

फाल्गुनातलं ऊन होतं. नेवासा तालुक्यातल्या एका गावाबाहेर, नुकताच गहू निघालेल्या रानात, बीजेच्या सप्ताहाचा मांडव उभा राहत होता. लांबी ३६० फूट, रुंदी ९० फूट. खांब रोवून झाले होते, पोरं वर चढून कापड ताणत होती, आणि व्यासपीठाच्या फळ्यांखाली एक माणूस पोटावर सरपटत निळी वायर पुढे ढकलत होता.

लायटिंगवाल्याची वायर मला ओळखू येते, माईकची जाड काळी केबलही येते. ही वायर मात्र पतसंस्थेत नाहीतर सेतू केंद्रात संगणकाच्या मागे लोंबणारी होती. मांडवात हिचं काय काम, म्हणून वाकून विचारलं. तो अंगावरची माती झटकत बाहेर आला. "आवाज हिच्यातून जातो, भाऊसाहेब," एवढं बोलून पुन्हा आत गेला.

त्या एका वाक्यापायी मी सातही दिवस तिथं जात राहिलो. हा साउंडवाला पस्तिशीचा. वडील भोंगे भाड्यानं द्यायचे, याच्याकडं आता स्वतःचा टेम्पो आहे, मदतीला चार पोरं. "नाव छापू नका, आमच्या धंद्यात नजर लागते," असं म्हणाला, म्हणून नाव नाही. मी त्याला दादाच म्हणत होतो.

आमच्या नगर जिल्ह्यात (आता अहिल्यानगर) सप्ताह नाही असं गाव शोधावं लागेल. श्रीरामपूर तालुक्यातल्या सराला बेटाच्या गंगागिरी महाराजांचा फिरता सप्ताह तर पावणेदोनशे वर्षांच्या परंपरेचा. दर श्रावणात नवं गाव, आणि माणसं लाखांनी. पण मी इथं सांगतोय ते साध्या गावसप्ताहाबद्दल. पहाटे काकडा, सकाळी ज्ञानेश्वरीचं पारायण, संध्याकाळी हरिपाठ, रात्री कीर्तन. पाच-सात हजार माणूस. त्यातला शेवटच्या रांगेतला माणूस काय ऐकतो, हा माझा विषय.

आमच्या लहानपणी गावात एक आहुजाचा अ‍ॅम्प्लिफायर आणि चार भोंगे असायचे. एक मंदिराच्या शिखराला, एक पारावरच्या लिंबाला, दोन शाळेच्या पत्र्यावर. आहुजा ही दिल्लीची कंपनी १९४० सालची, आणि तिच्या यंत्रानं या देशातली खेडी बोलती केली, यात अतिशयोक्ती नाही. त्या व्यवस्थेचं तंत्र आजही शिकण्यासारखं आहे. अ‍ॅम्प्लिफायरमधून आवाज १०० व्होल्टच्या लाइनवर चढवायचा, म्हणजे करंट कमी लागतो आणि बारीक वायरनंही लांब नेता येतो. प्रत्येक भोंग्यापाशी छोटा ट्रान्सफॉर्मर तो उतरवून घेतो. वीजमंडळ उच्च दाबानं वीज नेतं आणि डीपीवर उतरवतं, तीच युक्ती.

आवाज पोहोचायचा, पण शब्द पोहोचत नसे. लिंबाचा भोंगा जवळ, शाळेचा दूर. मधे उभ्या माणसाला एकच शब्द दोनदा ऐकू यायचा. दोन आवाजांत साधारण ५० मिलिसेकंदांच्या वर अंतर पडलं की कान त्यांना जोडून घेत नाही, दुसरा आवाज प्रतिध्वनी होऊन पहिल्यावर चढतो. भाषेचं ओझं व्यंजनांवर असतं. स्वर मोठे ऐकू येतात, पण 'काळ' की 'गाळ' हे ठरतं ते सुरुवातीच्या बारीक स्फोटावर. प्रतिध्वनी आधी तोच खातो. माझी आजी मंदिरापासून हाकेच्या अंतरावर राहायची. कीर्तन ऐकून आली की म्हणायची, "चाल लई गोड होती." महाराज काय बोलले ते तिला कधीच सांगता आलं नाही. मी तेव्हा समजायचो, आजीला कळत नाही. तिला ऐकूच येत नव्हतं, हे कळायला मला पन्नाशी गाठावी लागली.

मांडवापासून थोड्या अंतरावर नेवाशाचा तो खांब आहे. ज्ञानेश्वरांनी त्याला टेकून गीतेवरची टीका सांगितली आणि सच्चिदानंदबाबांनी लिहून घेतली, असं परंपरा सांगते. शके १२१२, म्हणजे इसवी सन १२९०. समोर माणसं किती असतील? उघड्या आवाजाला जेवढी ऐकू शकतील तेवढी. पुढची सहा-साडेसहाशे वर्षं मोठ्या जमावापुढं बोलणाऱ्या प्रत्येकाला हीच मर्यादा होती. ती मोडली विसाव्या शतकात. आपल्याकडं स्वातंत्र्यलढ्यातल्या सभांचे फोटो बघितले तर गांधीजी, नेहरूंपुढच्या माईकवर 'शिकागो रेडिओ' ही अक्षरं दिसतात. नावावरून अमेरिकन वाटतं, पण ती मुंबईची मोटवाने कुटुंबाची कंपनी. नानिक मोटवाने काँग्रेसच्या सभांना ध्वनिक्षेपक पुरवत. लाखाच्या सभेत शेवटच्या माणसाला नेत्याचं वाक्य कळणं ही त्या काळातली केवढी मोठी गोष्ट होती, हे आज लक्षात येत नाही.

तेव्हापासून प्रत्येक गावात, प्रत्येक मंडळात एकच उपाय रूढ झाला. मागं ऐकू येत नाही? मग पुढचा आवाज वाढवा. हा उपाय हिशेबात बसत नाही, आणि का बसत नाही हे दादानं मला पारायणाच्या चौरंगाशेजारी बसून वहीवर मांडून दाखवलं.

मोकळ्या जागेत स्पीकरपासूनचं अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलनं उतरतो. स्पीकरपासून ४ मीटरवर बसलेल्या टाळकऱ्याला १०० डेसिबल मिळत असतील तर ८ मीटरवर ९४, १६ वर ८८, ३२ वर ८२ आणि ६४ मीटरवर ७६. आमचा मांडव ११० मीटर लांब. मागं बायकांची कुजबूज, रडणारी पोरं, बाहेर ट्रॅक्टर, जनरेटर. त्यात ७६ च्या खालचा आवाज बुडतो. मागच्याला दहा डेसिबल वाढवून द्यायचे तर पुढच्याच्या कानावर ११० आदळणार. शिवाय दर ३ डेसिबलला दुप्पट वॅट लागतात, दहा डेसिबलला दहापट. म्हणजे दहापट वीज जाळायची, पुढच्याचे कान फोडायचे, आणि मागच्याला तरीही घुमलेलंच ऐकवायचं.

दुसरा मार्ग आवाज वाटून देण्याचा. व्यासपीठाजवळ दोन बाजूंना मुख्य स्पीकर, १२० फुटांवर एक जोडी, २४० फुटांवर आणखी एक जोडी. सगळे मध्यम आवाजात. पण मग लिंबाच्या आणि शाळेच्या भोंग्याची जुनी कटकट परत येते. त्यावर उत्तर म्हणजे मागच्या स्पीकरला मुद्दाम उशिरा बोलायला लावायचं. हवेतून आवाज तिशीच्या तापमानात सेकंदाला साधारण ३४९ मीटर जातो. १२० फूट म्हणजे ३६.६ मीटर, तिथं पोहोचायला त्याला १०५ मिलिसेकंद लागतात, २४० फुटांना २१०. तेवढाच उशीर मागच्या अ‍ॅम्पला दिला की पुढून आलेला आवाज आणि जवळच्या स्पीकरचा आवाज एकाच क्षणी कानाशी भेटतात.

दादा त्यावर आणखी दहा-बारा मिलिसेकंद टाकतो. मी म्हटलं, हे कशाला? त्यानं मला दुसऱ्या जोडीखाली उभं केलं आणि आधी बरोबरचा आकडा लावला, मग वाढवलेला. फरक मी जन्मात विसरणार नाही. पहिल्यात आवाज डोक्यावरच्या खोक्यातून येत होता. दुसऱ्यात तो दूर व्यासपीठावरून, प्रत्यक्ष बोलणाऱ्या माणसाच्या तोंडून येऊ लागला, आणि जोर मात्र तेवढाच. आधी पोहोचेल ती दिशा खरी, असं आपला कान धरून चालतो. हेल्मुट हास या जर्मन संशोधकानं १९४९ साली आपल्या प्रबंधात हे मोजून मांडलं, आणि जगभरचे साउंडवाले याला त्याच्याच नावानं ओळखतात. बोलणाऱ्याचं तोंड जिकडं दिसतं तिकडूनच शब्द आला तर माणूस ऐकत राहतो. डोळा एकीकडं, आवाज दुसरीकडं, असं झालं की तो तासाभरात पेंगतो.

आता निळ्या वायरीकडं येऊ.

एवढे स्पीकर लावले की अ‍ॅम्प्लिफायरही विखुरतात. आमच्या मांडवात सहा होते. व्यासपीठामागं दोन, मागच्या प्रत्येक जोडीपाशी दोन-दोन करून चार. जुन्या पद्धतीनं प्रत्येकाकडं माईकच्या जातीची केबल न्यायची. त्यात हमिंग घुसतं, विशेषतः पुढचे अ‍ॅम्प जनरेटरवर आणि मागचे महावितरणच्या लाइनवर असले की. दोन अर्थिंगमध्ये फरक पडतो आणि केबलच्या जाळीतून घूं घूं वाहू लागतं. निळी वायर लॅनची, आणि लॅनच्या प्रत्येक पोर्टमध्ये इवलासा ट्रान्सफॉर्मर असतो. विजेच्या दृष्टीनं दोन्ही टोकं तुटलेली आणि संदेश तेवढा पलीकडं उडी मारून जातो. आवाज आकड्यांच्या रूपात असल्यानं वाटेत त्यात काही मिसळतही नाही.

सेकंदाला ४८,००० वेळा आवाज मोजायचा, प्रत्येक मोजमाप २४ बिटांत लिहायचं. एका चॅनेलला सेकंदाला साडेअकरा लाखांच्या आसपास बिट लागतात. आजच्या साध्या गिगाबिट वायरीत सेकंदाला शंभर कोटी बिट मावतात. महाराजांचा आवाज, मृदंग, गायक, वीणा, टाळ हे सगळं मिक्सरमध्ये एकत्र होऊन सहा चॅनेल अ‍ॅम्पकडं जात होते. वायरीच्या दृष्टीनं हे मोकळ्या हमरस्त्यावरून चाललेल्या सायकली.

अडचण गर्दीची नाहीच, वेळेची आहे. या वायरीवर चालणारं इथरनेट १९७३ साली कॅलिफोर्नियात, झेरॉक्सच्या पालो आल्टो प्रयोगशाळेत रॉबर्ट मेटकाफ आणि सहकाऱ्यांनी आखलं, ते संगणक आणि छपाईयंत्रं जोडायला. तिथं एखादं पाकीट उशिरा आलं, दुसऱ्यांदा पाठवावं लागलं, तरी बिघडत नाही. पत्र उशिरा आलं तरी वाचता येतं. 'विठ्ठल'मधला 'ठ्ठ' उशिरा आला तर शब्द मोडतो. म्हणून ऑफिसच्या जाळ्यावर आवाज वेळेत चालवायला माणसांना बरीच वर्षं झटावं लागलं. अमेरिकेत कोलोरॅडोतल्या पीक ऑडिओनं १९९६ साली कोब्रानेट आणलं. ऑस्ट्रेलियात सिडनीच्या ऑडिनेट कंपनीनं २००६ नंतर दांते हा प्रकार रुजवला, आणि आज बहुतेक मोठ्या कंपन्यांच्या अ‍ॅम्पमध्ये तो मिळतो. वेगवेगळ्या पद्धतींना आपसात बोलता यावं म्हणून २०१३ साली एईएस६७ हे मानक आलं. दांतेवर सहसा एक मिलिसेकंदाची मुदत ठेवतात. तेवढ्या वेळात हवेतला आवाज जेमतेम वीतभर-दीडवीत सरकतो.

सगळ्या अ‍ॅम्पनी एकाच ठेक्यात चालायला हवं. दिंडीत शंभर टाळ असतात, पण सगळ्यांचं लक्ष मृदंगाकडं. इथंही जाळ्यातलं एक यंत्र ठेका धरतं आणि बाकीची मायक्रोसेकंदाच्या हिशेबात आपली घड्याळं त्याला मिळवून घेतात. ते चुकलं की स्पीकरमधून टक्, टक् असे खडे पडल्यासारखे आवाज येतात. हे मेहनतीनं शिकावं लागतं. दादाला पहिल्या वर्षी ते अभ्यासानं नाही, अपमानानं शिकावं लागलं. संगणकाच्या दुकानातून त्यानं साधा स्विच घेतला होता. त्यात वीज वाचवायची सोय होती: वायरीवर काम कमी दिसलं की पोर्ट डुलकी काढतो. घरच्या छपाईयंत्राला ती चालते. ठेका सांभाळायला डुलकी काढणारा राखण्या नेमला तर काय होणार? भर हरिपाठात टकटक सुरू झाली. गावकरी म्हणाले, तुझी मशीन खराब आहे. पुढच्या वर्षीची सुपारी गेली. आता तो नवा स्विच आणला की आधी ती सोय बंद करतो, मग बाकी काम.

त्याची मांडणी मी दोन दिवस नुसती बघत होतो. मिक्सरपाशी एक चांगला स्विच, ज्याच्या आत जाऊन नियम लावता येतात. तिथून प्रत्येक ठिकाणाला स्वतंत्र वायर, चाकाच्या आऱ्यांसारखी. एकातून दुसऱ्यात अशी माळ लावली तर वायर वाचते, पण मधला अ‍ॅम्प बंद पडला की पुढचे सगळे मुके. प्रत्येक अ‍ॅम्पला हातानं दिलेला पत्ता: १९२.१६८.१०.११ पासून १६ पर्यंत, आणि तोच पत्ता खडूनं पेटीवर लिहिलेला, म्हणजे अंधारातही पोराला सांगता येतं, "तेराला जा." आवाजाच्या पाकिटांना आधी वाट द्यायची, ठेक्याच्या पाकिटांना त्याहून आधी. पालखी आली की बाकीची वाहनं थांबतात, तसंच. आणि एक पंगतीचा नियम. एकच आवाज अनेकांना वाढायचा असेल तर कच्चा वाढपी दिसेल त्या पानात ओततो, नको म्हणणाऱ्याचंही ताट भरून सांडतं. शहाणा स्विच ज्यानं मागितलं त्यालाच वाढतो. हा नियम लावला नाही तर बिचाऱ्या लॅपटॉपच्या, वाय-फायच्या पोर्टातही सहा चॅनेल कोसळत राहतात. मंदिराचे सीसीटीव्ही कॅमेरे याच स्विचला जोडा असा आग्रह एका कार्यकर्त्यानं धरला होता. दादानं हात जोडले. तो शहाणपणा मला फार आवडला.

तांब्याची लॅन वायर १०० मीटरपर्यंतच भरवशाची, म्हणजे ३२८ फूट. मांडवाच्या कडेकडेनं, खांबावर चढत-उतरत गेलं की ते कधी ओलांडलं हे कळत नाही. शेवटच्या जोडीसाठी त्यानं काचेच्या तंतूची केबल टाकली होती, ट्रॅक्टरच्या वाटेवर ती जमिनीत वीतभर पुरली आणि वर लोखंडी अँगल आडवा ठेवला. वाय-फाय ठेवला तो फक्त टॅबलेटपुरता, फिरत फिरत आवाज कमीजास्त करायला. पाच हजार मोबाइल खिशात असलेल्या गर्दीत कीर्तन वाय-फायवर सोडणारा साउंडवाला मला भेटला तर मी त्याला हात जोडून थांबवीन.

या वायरीनं आणखी एक काम होतं, आणि माझ्या मते ते जास्त मोलाचं. अ‍ॅम्प परत बोलतो. किती तापला, कोणत्या स्पीकरला किती भार जातोय, मर्यादेला टेकला का, सगळं लॅपटॉपवर दिसतं. दुसऱ्या संध्याकाळी दादा जेवता जेवता उठला, "चौदाचा डावा गेला." दीडशे फूट लांब बसून त्याला दिसलं की त्या वाटेवर भारच उरला नाही, म्हणजे वायर निसटली नाहीतर ड्रायव्हर जळाला. पोरगं शिडी घेऊन गेलं. प्लग निघाला होता. पूर्वी हे कुणीतरी तक्रार करेपर्यंत कळत नसे, आणि मागं बसणारी माणसं तक्रार करत नाहीत. ती उठून घरी जातात.

तिसऱ्या रात्री जे घडलं ते मी स्वतः बघितलं. कीर्तन रंगात आलेलं. एका नव्या पोराला स्विचपाशी वायरीचं लोंबतं टोक दिसलं, शेजारी रिकामं भोक दिसलं. भलेपणानं त्यानं ते खुपसलं. त्या वायरीचं दुसरं टोक आधीच त्याच स्विचमध्ये होतं. गोल तयार झाला. सगळ्यांसाठी असलेला एक संदेश त्यात शिरला की तो फिरत राहतो, प्रत्येक फेरीला आपल्यासारखे आणखी सोडतो, आणि काही क्षणांत वायरीत त्याच्याशिवाय काहीच उरत नाही. स्विचवरचे सगळे हिरवे दिवे एकदम वेड्यासारखे फडफडू लागले. मागच्या चारही अ‍ॅम्पचा आवाज गेला. पुढचे दोन तगले, कारण दादानं त्यांना जुन्या माईक केबलचीही जोड दिली होती. आकडे यायचे थांबले की ते आपोआप तिकडं वळले.

मांडवाची मागची दोनशे फूट बाजू मुकी झाली. महाराजांच्या ते ध्यानात आलं असावं. त्यांनी निरूपण थांबवलं आणि टाळकऱ्यांना खूण केली. भजन सुरू झालं. आणि मागची माणसं उठली, चपला हातात घेऊन, पोरं कडेवर घेऊन, गोंगाट न करता पुढं सरकू लागली. मधल्या रस्त्यात बसली, कडेला उभी राहिली. त्या दोन-तीन मिनिटांत मला माझी आजी दिसली. ऐकायची केवढी भूक असते माणसाला!

दादानं पोराला शिवी दिली नाही. वायर उपटली, दिवे शांत झाले, आवाज परतला. दुसऱ्या दिवशी सकाळी स्विचमध्ये असा गोल ओळखून तो पोर्ट बंद करणारी सोय त्यानं चालू केली. ती आधीपासून होती, घाईत राहिली होती. मग रिकाम्या भोकांवर चिकटपट्टी लावली आणि वर त्या पोराकडूनच लिहून घेतलं: 'हात लावू नये'. उरलेले चार अ‍ॅम्प असलेल्या ठिकाणांनाही जुनी केबल ओढली. मी विचारलं, एवढं सगळं करून शेवटी जुनीच केबल? तो म्हणाला, "भाऊसाहेब, कंदील असू द्यावा घरात."

कायद्याबद्दल लिहिलं नाही तर लेख अपुरा राहील. ध्वनिप्रदूषण नियम २००० चे. रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपक बंद. वर्षातले जास्तीत जास्त पंधरा दिवस मध्यरात्रीपर्यंत सवलत मिळते. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा. सार्वजनिक जागेच्या हद्दीवर त्या भागाच्या मर्यादेहून १० डेसिबल जास्त किंवा ७५, यातलं जे कमी ते. आमच्या सप्ताहात कीर्तन सात ते नऊ होतं आणि काकडा बिनभोंग्याचा. मे २०२२ मध्ये भोंग्यांवरून राज्यभर वाद पेटला, तेव्हा शिर्डीत साईमंदिराची काकड आरती आणि शेजारती बाहेरच्या ध्वनिक्षेपकांविना झाली. मुंबई उच्च न्यायालयानं ऑगस्ट २०१६ च्या निकालात हे नियम काटेकोर पाळायला सांगितलं होतं. जानेवारी २०२५ मध्ये त्याच न्यायालयानं म्हटलं की ध्वनिक्षेपक हा कोणत्याही धर्माचा अत्यावश्यक भाग नाही, आणि यंत्रातच डेसिबलची मर्यादा बसवण्याची सूचना केली.

यंत्रात मर्यादा म्हणजे नेमकं काय, हे मी या मांडवात बघितलं. अशा प्रत्येक अ‍ॅम्पमध्ये लिमिटर असतो. आकडा ठरवून पासवर्ड लावला की माईकवर कुणी कितीही ओरडलं तरी त्यापुढं आवाज जात नाही. एका लॅपटॉपवरून सहाही अ‍ॅम्पना तो लागू होतो. दादानं मांडवाच्या चारही कडांना मीटर धरून आकडे घेतले आणि कुलूप लावलं. पुढच्या रांगेतल्या एका पुढाऱ्यानं दोनदा चिठ्ठी पाठवली, 'आवाज वाढवा'. दादा म्हणाला, मला येत नाही.

हेच अ‍ॅम्प, हीच निळी वायर डीजेच्या भिंतीलाही लागते, हे मी लपवणार नाही. नगरच्या विसर्जन मिरवणुकीत रस्त्याकडेच्या घरांत भांडी थरथरतात, म्हातारी माणसं कानात कापूस घालून आतल्या खोलीत बसतात. मला त्याचा संताप येतो. बेस सगळ्या दिशांना पसरतो, भिंती ओलांडतो. हे थोपवायचंही तंत्र याच अ‍ॅम्पमध्ये आहे. दोन बेस पुढं आणि एक उलटा मागं तोंड करून, त्याला मोजून उशीर आणि उलटी फेज दिली की मागच्या बाजूला बेस बराचसा मरतो. गावच्या कीर्तनाला दादा हे करतो, कारण व्यासपीठामागं शाळा आहे. मिरवणुकीत कुणी करताना मला दिसलं नाही. मंडळांनी सुपारी देताना किती बेस आणि किती वॅट हे विचारण्याऐवजी शेवटच्या माणसाला शब्द कळेल का आणि शेजारच्या घराला किती डेसिबल जाईल, एवढं विचारावं. या दोन प्रश्नांनी अर्ध्याहून अधिक भिंती उतरतील असं मला मनापासून वाटतं.

याच जिल्ह्यात, नगरपासून जवळ, अरणगावला मेहेराबाद आहे. मेहेरबाबांनी १० जुलै १९२५ ला मौन धरलं ते १९६९ साली देह ठेवेपर्यंत सोडलं नाही. दर ३१ जानेवारीला अमरतिथीला तिथं हजारो माणसं जमतात आणि दुपारी बारा ते सव्वाबारा कुणीही बोलत नाही. साउंडवाल्याची खरी परीक्षा मला वाटतं अशा पंधरा मिनिटांत आहे. अ‍ॅम्प चालू आहेत, स्पीकर जोडलेले आहेत, आणि एकाही खोक्यातून सूं नाही, घूं नाही. दादाला मी हे सांगितलं तेव्हा त्यानं हातातला घास खाली ठेवला आणि म्हणाला, "एकदा घेऊन चला मला तिथं."

काल्याच्या कीर्तनाचा दिवस. सकाळचे दहा, ऊन चढत होतं. दादानं टॅबलेटवर मागच्या जोडीचा उशीर चार-पाच मिलिसेकंदांनी कमी केला. हवा तापली की आवाज पळतो, रात्रीचा आकडा दिवसा चालत नाही. मला त्यानं मीटर हातात दिला. मी व्यासपीठापासून मागं चालत निघालो. पुढं ८८. पहिल्या जोडीशी ८४. दुसऱ्या जोडीच्या अलीकडं ८२, पलीकडं ८३. महाराज गोपाळांच्या शिदोऱ्या सोडत होते, कुणाच्या दह्याला कुणाची भाकरी. शब्द माझ्याबरोबर चालत होता, माझ्या पाठीमागून, व्यासपीठाकडूनच. शेवटच्या खांबाशी पोहोचलो, वळलो, आणि मीटरवर डोळे लावून मधोमध उभा राहिलो.

कुणीतरी धोतर ओढावं तसा माझ्या पँटचा पाय ओढला. नऊवारीतली म्हातारी, मांडीवर नातू.

"बाजूला व्हा की, माउली. महाराज दिसंनात."